विद्यापीठ–उद्योग सामीप्य

विद्यापीठ–उद्योग सामीप्य : विद्यापीठातील संशोधक आणि उद्योगातील तंत्रज्ञ यांच्यातील जवळीक. ती किती व कोणत्या प्रकारची आहे, यावर त्यांचे संयुक्त संशोधन जुळणार की करारापुरतेच उरणार हे बऱ्याच अंशी ठरते. बोलण्यात ‘जवळ’ म्हणजे कमी अंतरावर. नवनिर्मितीच्या अभ्यासात मात्र अंतर हा सामीप्याचा फक्त एक प्रकार आहे.

एकाच धंद्यातील लोक एका भागात एकवटले की धंद्यातल्या खाचाखोचा तिथल्या हवेतच असल्यासारख्या होतात, असे निरीक्षण अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये नोंदवले होते. विद्यापीठांच्या बाबतीत याला आकड्यांचा आधार बराच उशिरा मिळाला. अमेरिकेतील एखाद्या राज्यात विद्यापीठीय संशोधन वाढले, की त्याच राज्यातील कंपन्यांची पेटंटेही वाढतात, असे अर्थशास्त्रज्ञ ॲडम जॅफ यांनी १९८९ मध्ये दाखवले. औषधनिर्मितीत हा परिणाम विशेष ठळक होता.

ज्ञान छापून सर्वत्र पोहोचत असताना अंतराने फरक का पडावा? कारण सगळेच ज्ञान छापले जात नाही. शोधनिबंधात तापमान, वेळ, प्रमाण सारे दिलेले असते, तरी तोच प्रयोग दुसरीकडे फसतो. मिश्रण केव्हा ‘बरोबर’ दिसते, कोणते उपकरण केव्हा दगा देते, हे करणाऱ्याच्या हातात असते. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी या अव्यक्त, म्हणजे शब्दांत न मांडता येणाऱ्या, ज्ञानाकडे लक्ष वेधले. ते शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

तरीही केवळ शेजार पुरत नाही. रॉन बोश्मा यांनी २००५ मध्ये सामीप्याचे पाच प्रकार मांडले : बोधात्मक, संघटनात्मक (एकाच संघटनेच्या बांधणीत असणे), सामाजिक (ओळख व विश्वास), संस्थात्मक आणि भौगोलिक. यांतला बोधात्मक प्रकार, म्हणजे दोघांची ज्ञानाची भाषा जुळणे, सर्वांत निर्णायक म्हणावा लागेल. उदाहरणार्थ, बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये ॲलिझरीन, म्हणजे मंजिष्ठेच्या कुळातील मॅडर या झाडाच्या मुळांतला लाल रंग, कृत्रिमरीत्या तयार केला. पण त्यांच्या पद्धतीत महागडे ब्रोमीन लागे. शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ कंपनीतील हाइनरिख कारो यांच्याबरोबर काम करून त्याऐवजी सल्फ्यूरिक आम्ल वापरण्याची पद्धत बसवली गेली. २५ जून १८६९ रोजी लंडनमध्ये तिघांच्या नावे पेटंटचा अर्ज दाखल झाला. त्याच रंगावर काम करणारे इंग्रज रसायनज्ञ विल्यम पर्किन यांचा अर्ज एका दिवसाने मागे पडला. कारो स्वतः रसायनज्ञ असल्याने मधले अंतर आड आले नाही. कंपनीच्या या कुवतीला, म्हणजे बाहेरचे ज्ञान ओळखून पचवण्याच्या ताकदीला, कोहेन व लेव्हिंथल यांनी १९९० मध्ये ‘ग्रहणक्षमता’ म्हटले.

संस्थात्मक सामीप्य हा नियमांचा व रीतींचा प्रश्न आहे. प्राध्यापकाला निष्कर्ष लवकर प्रसिद्ध करायचे असतात, कंपनीला ते पेटंट मिळेपर्यंत झाकून ठेवायचे असतात. सरकारी निधीतून लागलेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना स्वतःकडे ठेवू देणारा अमेरिकेचा १९८० चा बे-डोल कायदा या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. त्याने वाटाघाटींना चौकट दिली. प्रसिद्धी की गुप्तता हा वाद काही मिटवला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये स्वतःच्या जमिनीवर औद्योगिक वसाहत उभारली, आणि पुढे जगभर तिचे अनुकरण झाले. नक्कल बहुधा भूखंडांची व इमारतींची झाली. स्टॅनफर्डचे अभियांत्रिकीचे अधिष्ठाता फ्रेडरिक टर्मन यांच्या पुढाकाराने तिथे कंपन्यांतले अभियंते नोकरी सांभाळून पदव्युत्तर वर्गांत येऊन बसत, ही बाब मात्र नकाशावर दिसत नाही.

जवळीक अति झाली तरी घात करते. दोघांना तेच ठाऊक असेल तर एकमेकांकडून शिकण्यासारखे थोडेच उरते, आणि जुन्या ओळखीपोटी चुकीच्या दिशेचा हट्टही सुटत नाही. म्हणून बार्ट नूटबूम यांनी ‘इष्टतम बोधात्मक अंतरा’ची कल्पना मांडली : समजण्याइतके जवळ, नवे कळण्याइतके दूर.

कायम शेजारी राहण्याचीही गरज नसते. आंद्रे तोर व अलॅं राले यांनी ‘तात्पुरते सामीप्य’ असा विचार मांडला. प्रकल्पाच्या सुरुवातीला किंवा काम अडल्यावर काही दिवस एकत्र बसले, की बाकीचे दुरून निभते. शिवाय माणसे हलली तरी ओळखी तुटत नाहीत. अगरवाल, कॉकबर्न व मॅकहेल यांनी २००६ मध्ये पेटंटांतील संदर्भ तपासून दाखवले, की गाव सोडून गेलेल्या संशोधकाचे नवे काम त्याच्या जुन्या ठिकाणचे लोक अपेक्षेपेक्षा जास्त वापरत राहतात.