स्पॉयलर आणि विंग: नुसत्या फटीने विंग होत नाही

स्पोर्ट्स कारसाठी स्वतःचे बॉडी किट आखणारे बहुतेक जण पुढचा बंपर, फेंडर आणि साइड स्कर्ट यांवर जीव ओतून काम करतात आणि डिकीपाशी पोहोचल्यावर ‘मागे एखादा मोठा स्पॉयलर देऊ’ एवढ्यावर निभावून नेतात. त्या एका वाक्यात दोन वेगवेगळ्या यंत्रणांची गल्लत झालेली असते. स्पॉयलर आणि विंग दोन्ही गाडीच्या मागे बसतात, मागची चाके रस्त्याला धरून राहावीत हाच दोन्हींचा हेतू असतो आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर मांडलेली असतात. मात्र त्यांची काम करण्याची रीत, त्यांना लागणारी जागा, त्यांच्या पायांशी येणारा भार आणि गाडीच्या पुढच्या टोकावर होणारा परिणाम यांत साम्य जवळजवळ नाही. उंच ती विंग आणि बुटका तो स्पॉयलर ही समजूत सर्रास आढळते आणि ती साफ चुकीची आहे. पहिल्या पोर्शे 911 टर्बोच्या इंजिनाच्या झाकणावरचे ‘व्हेल टेल’ चांगले ऐसपैस असूनही तो स्पॉयलरच आहे.

स्पॉयलर आपल्या सर्वांच्या रोजच्या पाहण्यातला असल्यामुळे त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. हॅचबॅकच्या छताच्या मागच्या कडेला किंवा सेदानच्या डिकीच्या काठावर, बॉडीला सलग चिकटून असलेली ही वरच्या दिशेने उचललेली कड असते. छतावरून घसरत खाली येणारी हवा मागच्या टोकाला वळण घेते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर ओढला जातो. ओढ्यातल्या बांधामागे पाणी तुंबावे तशी स्पॉयलरच्या पुढे हवा तुंबते, डिकीच्या पृष्ठभागावरचा दाब वाढतो, हवा बॉडीपासून एका ठरलेल्या रेषेवर सुटते आणि ती उचल कमी होते. 1972 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या पोर्शे 911 कॅरेरा आरएस 2.7 चे ‘डकटेल’ हा याचा आदर्श नमुना होय. फायबरच्या त्या छोट्याशा शेपटीने मागची उचल घटवली आणि त्याच वेळी गाडीचा कमाल वेग थोडा वाढवला. नीट आखलेला स्पॉयलर हवेचा रोध वाढवतोच असे नाही, उलट कधीकधी तो कमी करतो, हे लक्षात असू द्यावे. विंगच्या बाबतीत अशी सवलत मिळत नाही.

विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा करून बसवणे. तिच्या वरून हवा जाते तशीच खालूनही जावी लागते, आणि खरे काम खालच्या बाजूला होते. खालचा पृष्ठभाग फुगीर असतो, तिथून जाणारी हवा वेग घेते, दाब उतरतो आणि पाते खाली खेचले जाते. वरच्या बाजूवर दाब वाढतो हेही खरे, पण खालच्या बाजूच्या खेचण्यापुढे त्याचा वाटा लहान असतो. लोक विंग विकत घेताना वरची बाजू न्याहाळतात, तिच्यावरच्या कार्बन फायबरच्या विणीला भुलतात आणि खालची बाजू हाताने चाचपूनही पाहत नाहीत, याचे मला कायम वाईट वाटते. खालच्या बाजूला पुट्टीचा उंचवटा, बोल्टचे डोके किंवा जाडजूड ब्रॅकेट असेल तर नेमकी कामाची जागाच बिघडलेली असते. म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांत विंगला वरून धरणारे ‘स्वान नेक’ आधार रूढ झाले आणि 2021 च्या पोर्शे 911 जीटी 3 मध्ये ते रस्त्यावरच्या गाडीवरही दिसले. दिसायला ते ऐटबाज आहेत, पण त्यांचे प्रयोजन खालचा पृष्ठभाग मोकळा ठेवणे हेच आहे.

आता खरी अडखळण्याची जागा येते. ‘पात्याखाली फट असली की विंग’ हा नियम अनेकांना पाठ असतो आणि तो अर्धाच खरा आहे. फट तर हवीच, पण त्या फटीतून बॉडीला सोडून न आलेली, वेगवान, सरळ वाहणारी हवा जायला हवी. नव्वदच्या दशकातील कितीतरी सेदान गाड्यांच्या डिकीवर दोन पायांवर उभी असलेली पट्टी असे. तिच्याखाली बोटभर ते वीतभर फट असे, पण मागच्या काचेची उतरण तीव्र असल्यामुळे हवा काचेच्या वरच्या कडेलाच बॉडी सोडून गेलेली असे. काचेच्या आणि डिकीच्या वर राहते ती घुसळणारी, भोवऱ्यांनी भरलेली, जवळजवळ मेलेली हवा. त्या हवेत उभ्या केलेल्या पात्याला विंग म्हणून काम करता येत नाही, आणि बॉडीला चिकटलेले नसल्यामुळे त्याला स्पॉयलर म्हणूनही नीट काम करता येत नाही. गाडी घेतल्यानंतर लावलेल्या बहुसंख्य विंगांची अवस्था हीच असते, म्हणून फट पाहून निकाल देण्याऐवजी त्या फटीत कोणती हवा येते हे तपासावे.

ते तपासायला विंड टनेल, म्हणजे कृत्रिम वाऱ्याचा चाचणी-बोगदा, लागत नाही. लोकरीचे साधारण चार इंचांचे तुकडे कापावेत आणि त्यांचे एक टोक चिकटपट्टीने छताच्या मागच्या भागावर, काचेवर आणि डिकीवर ओळीने लावावे. मागे चालणाऱ्या दुसऱ्या गाडीतील सोबत्याने, बंदिस्त ट्रॅकवर किंवा अन्य मोकळ्या सुरक्षित जागी, ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगात त्यांचे चित्रण करावे. छतावरचे दोरे मागच्या दिशेने ताठ, एकमेकांना समांतर पडलेले दिसतात. जिथे हवा बॉडी सोडते तिथे दोरे आधी थरथरू लागतात, मग गोल फिरतात आणि त्याच्याही खाली काही दोरे चक्क पुढच्या दिशेने, काचेच्या वरच्या कडेकडे वळलेले दिसतात. हे उलटे वळलेले दोरे एकदा पाहिले की त्या जागी विंग बसवण्याचा विचार मनात टिकत नाही. मग एका हलक्या काठीवर असेच दोरे वेगवेगळ्या उंचीवर बांधून ती डिकीवर पक्की उभी करावी. ज्या उंचीपासून दोरे पुन्हा स्थिर आणि ताठ होतात तिथून विंगची जागा सुरू होते. अनेक गाड्यांत ही उंची छताच्या आसपास निघते, आणि 2022 च्या 911 जीटी 3 आरएसमध्ये विंगची वरची कड छतापेक्षाही उंच का आहे, याचा उलगडा होतो.

याच तपासात आणखी एक गोष्ट हाती लागते. उतरत्या छताच्या गाडीत विंगच्या मधल्या भागावर येणारी हवा खालच्या दिशेने झुकलेली असते, तर केबिनच्या बाहेर असलेल्या दोन्ही टोकांवर ती बरीचशी आडवी येते. म्हणजे सरळ पाते बसवले तर मधल्या भागाचा हवेशी होणारा कोन टोकांपेक्षा जास्त असतो. कोन फार वाढला, साध्या एका पात्याच्या विंगमध्ये 15 अंशांच्या आसपास गेला, की खालची हवा पाते सोडते, डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारे हवेचे बल, कोसळतो आणि रोध तेवढा शिल्लक राहतो. मध्यभागी कमी आणि टोकांना जास्त कोन असलेल्या पिळाच्या विंग याच कारणासाठी बनवल्या जातात. पात्याचा कोन जमिनीशी मोजून समाधान मानणारे डिझायनर चुकीचा आकडा मोजत असतात.

दुसरा मोठा फरक भाराचा आहे. स्पॉयलरवरचा भार बॉडीच्या सलग पृष्ठभागावर पसरतो, विंगचा भार मात्र दोन आधारांच्या टोकांशी एकवटतो. शर्यतींचा इतिहास हा धडा फार कठोरपणे सांगतो. 1966 मध्ये जिम हॉल यांनी शॅपरॅल 2 ई या गाडीची उंच विंग थेट मागच्या चाकांच्या हबशी (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाशी) जोडली, कारण तसे केल्याने भार सस्पेन्शन न दाबता चाकांवर जातो. 1968 मध्ये फॉर्म्युला वन संघांनी विंगची कल्पना उचलली, आणि 1969 मध्ये बार्सिलोनाच्या मोंटजुइक सर्किटवर लोटसच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांच्या उंच विंग मोडून भीषण अपघात झाले. त्यानंतरच्या मोनॅको शर्यतीच्या वेळी उंच विंगांवर बंदी आली. एवढे घडून गेल्यावरही डिकीच्या पातळ पत्र्याला दुहेरी चिकटपट्टीने किंवा चार स्क्रूंनी विंग लावून देणारी दुकाने आहेत, आणि त्यांचे काम मला अक्षम्य वाटते. विंग खरोखर काम करत असेल तर तिचे पाय डिकीच्या आतील मजबुतीकरणातून किंवा सरळ चॅसिसपर्यंत नेलेच पाहिजेत. चिकटपट्टीवर ती वर्षानुवर्षे टिकली असेल, तर ती काही कामच करत नाही असा त्याचा अर्थ होतो.

तिसरा फरक डिझायनर सर्वात सहज विसरतात. विंग बहुधा मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे ती मागचे टोक दाबताना पुढचे टोक तरफेसारखे उचलते. पुढच्या आणि मागच्या आसांतील अंतर 2450 मिलिमीटर आणि विंग मागच्या आसामागे 700 मिलिमीटर धरली, तर विंगने दिलेल्या 100 किलो डाउनफोर्समुळे मागच्या चाकांवर सुमारे 129 किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा सुमारे 29 किलो भार कमी होतो. रोधाचा परिणाम यात धरलेलाच नाही. विंग उंच असल्यामुळे तोही त्याच दिशेने भर घालतो. परिणामी वेगवान वळणावर स्टिअरिंग हलके पडते आणि गाडी वळणाबाहेर सरकू लागते. म्हणून विंग लावायची असेल तर पुढच्या स्प्लिटरची (बंपरखाली पुढे आलेल्या आडव्या फळीची) आखणी तिच्या आधी व्हायला हवी, आणि विंग एकटी विकत घेण्याची पद्धत मला मुळापासून अमान्य आहे.

वेगाचा हिशेबही याच ओघात करावा, कारण डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर उल्लेखिलेल्या जीटी 3 आरएसच्या संपूर्ण गाडीचा डाउनफोर्स ताशी 200 किलोमीटरला 409 किलो आणि 285 किलोमीटरला 860 किलो असल्याचे पोर्शे सांगते. हाच हिशेब खाली आणला, तर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागातील 100 किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे 100 किलो आणि शहरातल्या 50 किलोमीटरला जेमतेम 25 किलो उरतात, तेही त्या दर्जाच्या पूर्ण रचनेसाठी. लॅम्बोर्गिनी काउंताशच्या ज्या विंगची पोस्टर घराघरांत लागली, ती कमाल वेग कमी करत असे. दुसरीकडे पहिल्या ऑडी टीटीच्या वेगवान अपघातांनंतर कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शनमधील बदल आणि स्थिरता नियंत्रणाबरोबर डिकीच्या काठावर एक लहानसा स्पॉयलर बसवला. गोलाकार शेपटीच्या त्या गाडीची गरज मागची उचल कमी करण्याची होती, आणि त्यासाठी विंगची गरज नव्हती.

किटमधील इतर भागांबाबतचा गोंधळ किरकोळ आहे. बंपरच्या खालच्या कडेला जोडलेली लिप ही तेवढीच कड असते. स्प्लिटर म्हणजे पुढे आडवी आलेली आणि गाडीखालीही मागे गेलेली फळी, जिच्यावर माणूस उभा राहिला तरी ती वाकू नये. डिफ्यूझर म्हणजे मागे हळूहळू वर चढणारा गाडीचा तळ. त्याला पुढे सपाट तळ नसेल तर बंपरखाली लावलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या निव्वळ सजावट ठरतात. रुंद फेंडरांबाबत एवढेच सांगायचे की मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे, तेव्हा साचा घडवण्यापूर्वीच आरटीओत विचारणा करावी.

जी गाडी बहुतांश रस्त्यावर चालणार आहे तिच्यासाठी माझी निवड पक्की आहे: डिकीच्या काठावर, बॉडीच्या रेषेतच उगवलेले फायबरचे डकटेल. साचा घेण्याआधी फोमची पट्टी एक सेंटिमीटर उंचीपासून सुरू करून एकेक सेंटिमीटरने वाढवत जावी, प्रत्येक वेळी दोरे पाहावेत, आणि डिकीवरचे दोरे तुंबलेल्या हवेमुळे संथ झालेले दिसले की तिथे थांबावे. ट्रॅकसाठी गाडी घडत असेल आणि स्प्लिटर, सपाट तळ व आधार तयार असतील तर विंग जरूर घ्यावी, पण कमी कोनात सुरुवात करून. पुढे अधिक डाउनफोर्सची गरज भासली तर कोन वाढवण्याआधी पात्याच्या मागच्या कडेवर गर्नी फ्लॅप लावून पाहावा. 1971 मध्ये डॅन गर्नी यांनी शर्यतीच्या गाडीवर वापरलेली ही काटकोनी पट्टी पात्याच्या पुढून मागे मोजलेल्या रुंदीच्या एक-दोन टक्के उंचीची असली तरी पुरते, आणि ती नको वाटली तर दोन मिनिटांत काढता येते.