‘भेऊ नको’ म्हटल्यानं कॉर्टिसॉल उतरत नाही

ऑपरेशनची तारीख निघाली की आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांत दोन गोष्टी हमखास होतात. भेटायला येणारा प्रत्येक जण पेशंटला “भेऊ नको, काई होत नाई” म्हणतो, आणि तोच माणूस ओसरीवर येऊन घरच्यांना दबक्या आवाजात विचारतो, “डॉक्टर काय म्हनते?” काय झालंय, काय कापणार आहेत, हे अख्ख्या गावाला माहीत. पेशंटला सोडून. “त्याले सांगू नका, खचून जाईन,” हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

हेतू चांगलाच असतो. पण ऑपरेशनची भीती नुसती मनात बसून राहत नाही, ती रक्तातून थेट टाक्यांपर्यंत पोचते. तिचा हा प्रवास मला फार आवडतो, म्हणून जरा पसरून सांगतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. धोक्याची चाहूल लागली की तो सीआरएच हे संप्रेरक सोडतो. ते शेजारच्या पीयूषिका ग्रंथीला जागं करतं, ती एसीटीएच हे दुसरं संप्रेरक रक्तात सोडते, आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक तयार करू लागतात. याला काही मिनिटं लागतात. त्याआधीच, काही सेकंदांत, चेतातंतूंच्या वाटेनं ॲड्रिनलिन सुटलेलं असतं. छातीतली धडधड आणि गार पडलेले तळहात ही त्याची करामत. गंमत म्हणजे चाकू लागला तरी हीच साखळी हलते आणि चाकूचा नुसता विचार आला तरी हीच. मोठ्या ऑपरेशननंतर कॉर्टिसॉल वाढतंच, साखर चढते, स्नायूंमधली प्रथिनं मोडून वापरली जातात. हाडं मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतून वाढीव नायट्रोजन जातो, हे ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास मोजून दाखवलं होतं. तो नायट्रोजन म्हणजे झिजलेला स्नायूच. भीतीनं आठवडाभर झोप नसलेला माणूस टेबलावर येतो तेव्हा या झिजेची सुरुवात आधीच झालेली असते.

आता जखमेकडे येऊ. काप बसला की रक्तपट्टिका गुठळी करतात. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जमतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॅक्रोफेज या साफसफाई करणाऱ्या पेशी येतात. या पेशी एकमेकींना इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशा रसायनांनी हाका मारतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतली जखमेची थोडी लाली, थोडी सूज याच धावपळीची असते. कॉर्टिसॉल चरबीत विरघळणारं असल्यानं पेशीच्या पटलातून सरळ आत शिरतं. आत पेशीद्रवात त्याचा ग्राही, म्हणजे त्याला धरून घेणारं प्रथिन, वाट पाहत असतो. दोघं जोडीनं केंद्रकात जातात आणि तिथं एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाचं काम अडवतात. इंटरल्यूकिन-१ बनवायचा हुकूम देणाऱ्यांपैकी हे एक मुख्य प्रथिन. म्हणजे कॉर्टिसॉल हा दाहाच्या बैलाचा कासरा आहे. तो हवाच, नाहीतर बैल उधळतो. पण सतत आवळून धरला तर डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, होणार कशी?

हे नुसतं कागदावरचं नाही. १९९८ साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली गेली, एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. एकही विद्यार्थी अपवाद निघाला नाही. त्यांच्या रक्तातल्या पेशींची इंटरल्यूकिन-१ बनवायची क्षमताही ६८ टक्क्यांनी घटली होती. अकराच जण, तेही तरुण आणि धडधाकट, त्यामुळे हे आकडे पोट उघडलेल्या सत्तर वर्षांच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत. पण ताणाखाली जखम रेंगाळते हे इतर अभ्यासांतही दिसलं आहे.

ॲड्रिनलिनचा उपद्रव वेगळा. ते कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे जखमेला ऑक्सिजन कमी. जखम सांधणारं कोलॅजेन घट्ट विणलं जायला त्यातल्या प्रोलीन या अमिनो आम्लाला हायड्रॉक्सिल गट जोडावा लागतो. हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन लागतो, लोह लागतं आणि क जीवनसत्त्व लागतं. आणि आपल्याकडे? “आंबट देऊ नका, टाके पिकतीन!” वरूड, मोर्शी, काटोलच्या संत्र्याच्या मुलखात ऑपरेशन झालेल्या माणसाला संत्र्याची फोड मिळत नाही, याला काय म्हणावं! डॉक्टरनं इतर कारणानं पथ्य सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. आंबटानं पू होत नाही, जंतूंनी होतो.

याच न्यायानं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, हेही बघा. जबड्याच्या ऑपरेशनसाठी आलेला माणूस दवाखान्याच्या भिंतीमागं उभा राहून पन्नीतला खर्रा घोटताना दिसतो. “टेन्शन आलं जी,” म्हणतो. खर्र्यातलं निकोटीनही रक्तवाहिन्या आवळतं. ताण हलका करायला ताणाचंच औषध.

मग भीतीचं करायचं काय? व्हॉट्सॲपवरचे “सकारात्मक विचार करा, कॅन्सर पळवा” हे संदेश मी वाचतही नाही. प्रसन्न चेहऱ्यानं गाठ वितळत नाही, आणि साखर ४०० असेल तर प्रसन्न माणसाचीही जखम चिघळते. भीतीवरचा खरा उतारा फार साधा निघाला. १९६४ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट या भूलतज्ज्ञानं आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या ९७ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आदल्या दिवशी नीट बसून सांगितलं: दुखेल, इथं दुखेल, पोटाचे स्नायू ताणले गेल्यानं दुखेल, ते सैल असे सोडायचे, कुशीवर असं वळायचं, सहन झालं नाही तर औषध मागायचं. या गटाला अफूवर्गातली वेदनाशामकं जवळपास निम्मीच लागली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. कोण कुठल्या गटात आहे हे सर्जनना माहीत नव्हतं. “दुखनार नाई” असं या रुग्णांना कुणी सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

त्याआधी १९५८ साली आयर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञानं म्हटलं होतं की ऑपरेशनआधी बेताची भीती वाटणारा माणूस नंतर सगळ्यात चांगला सावरतो. अजिबात न भ्यालेला नंतर चिडतो, खूप भ्यालेला भीतच राहतो. नंतरच्या अभ्यासांत हा सुबक आलेख टिकला नाही. आधी जास्त भ्यालेले नंतरही जास्त भ्यालेले राहतात, एवढंच बहुतेक ठिकाणी दिसलं. पण पुढं काय होणार हे माहीत असलेलं बरं, हा त्याचा मुद्दा टिकला.

आमच्याकडची भीती चाकूची कमीच. “भूल उतरलीच नाई त?” ही पहिली. दुसरी, “कापूस कोन वेचन?” सरकारच्या जनआरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं तरी सोबत्याचं जेवण आणि बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. आणि तिसरी भीती दवाखान्याचीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड आदिवासींना विचारलं तेव्हा मोठ्या इमारती आणि नातेवाइकांपासून होणारी ताटातूट याचंच भय पुढं आलं. म्हणून शोधग्राम या आपल्या संस्थेच्या वसाहतीतला दवाखाना त्यांनी आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा बांधला, पेशंटसोबत घरची माणसं राहतील असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. देवीच्या नावानं जखम भरते असं कुणी म्हणत नाही, पण ओळखीच्या माणसांत आणि ओळखीच्या छपराखाली माणूस कमी भितो.

आता ऑपरेशननंतरचं. खुब्याचं हाड बसवलेली म्हातारी दुसऱ्या रात्री छताकडं बोट दाखवून मेलेल्या नवऱ्याशी बोलू लागते, सलाईन उपटते, मुलाला ओळखत नाही. सकाळी ठीक, रात्री पुन्हा तेच. घरचे म्हणतात, “बाहेरचं लागलं,” आणि सुटी मागून भगताकडं न्यायला निघतात. हा डेलिरियम, म्हणजे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ आहे. वयस्कर रुग्णांत मोठ्या ऑपरेशननंतर तो सर्रास दिसतो. जंतुसंसर्ग, कमी झालेलं सोडियम, कमी ऑक्सिजन, तुंबलेली लघवी, काही औषधं, झोपमोड, यातलं काहीही कारण असू शकतं आणि बरीचशी कारणं दुरुस्त होतात. म्हणून पहिलं काम म्हणजे नर्सला लगेच सांगणं. मग चष्मा घालून द्यायचा, कानाचं यंत्र असेल तर लावायचं, दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवायचा, ओळखीचं एक माणूस सतत जवळ. भगताच्या धुरानं हे सुधारत नाही, आणि भूत उतरवायला मारहाण करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

डेलिरियम लोकांच्या नजरेत तरी भरतो. टाके निघाल्यावर घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस मात्र “आराम करून राहिला” म्हणून सुटून जातो. चार-सहा दिवस उदास वाटणं समजू शकतं. दोन आठवडे झाले तरी भूक नाही, झोप नाही, कशात मन नाही, किंवा “आता जगून काय करू” असं बोलणं सुरू झालं, तर उशीर करू नये. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. “नको जिवाले” असं कानावर आलं तर माणसाला एकटं सोडू नका आणि फवारणीचं औषध आधी घराबाहेर काढा.