दोरीवरचं ताट कुणाच्या हिशोबात?

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात फेब्रुवारीच्या सुमारास शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काढणीला येतो. त्या दिवसांत काही रानांत विळ्याआधी दोरी पडते. तलाठी किंवा कृषी सहायक टेप, चार खुंट्या आणि वजनकाटा घेऊन येतात. रान आधीच चिठ्ठी काढल्यासारखं निवडलेलं असतं. बांधाच्या कोपऱ्यापासून किती पावलं आत जायचं, तेही यदृच्छ, म्हणजे कुठलाही क्रम नसलेल्या, अंकांच्या तक्त्यावरून ठरतं. शेतकरी म्हणतो, "साहेब, इथली पातळ आहे, पलीकडची बघा." पण जागा बदलता येत नाही. खुंट्या ठोकायच्या, १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखायचा, त्यातली कणसं खुडून मळायची, दाणे तोलायचे आणि वाळल्यावर पुन्हा तोलायचे. हा पीक कापणी प्रयोग. साताऱ्याचं उत्पन्न अमुक इतके कोटी, असं आपण वाचतो, त्यातल्या शेतीच्या हिश्श्याची सुरुवात अशा चौकोनांतून होते.

अडचण येते ती दोरीशी. दोरी ज्वारीच्या ताटांमधून, म्हणजे उभ्या धाटांमधून, जाते आणि काही ताटं बरोबर तिच्याखाली सापडतात. ती आत धरायची की बाहेर? बुंधा आत असेल तरच धरायचं, असा नियम आहे. पण वाकलेलं, भरल्या कणसाचं ताट समोर आलं की हात नकळत ते आत घेतो. त्यात लबाडी नसते, हाताचा कलच तसा असतो.

चौकोन मोठा असेल तर ही चूक फारशी जाणवत नाही. ५० चौरस मीटरच्या या चौकोनाची कड चारही बाजू मिळून ३० मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे ६० सेंटिमीटर. त्याऐवजी दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं, तर दर चौरस मीटरमागे सव्वातीन मीटरहून जास्त कड येते. कड पाचपटीहून अधिक, तेव्हा कडेवरच्या ताटांचा घोळही त्याच हिशोबाने वाढतो आणि उतारा, म्हणजे क्षेत्रामागचं उत्पादन, फुगतो.

ही गोष्ट प्रयोगांनी दाखवून दिली ती आपल्याच मातीतल्या माणसाने. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. छोट्या तुकड्यांमुळे उत्पादनाचा अंदाज वर सरकतो, हे त्यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. या वादात समोर होते संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस. बंगालमधल्या त्यांच्या पाहण्यांत छोटी वर्तुळं वापरली जात. तुकडे छोटे असले की तेवढ्याच खर्चात जास्त जागा पाहता येतात, ही त्यांची बाजूही वजनदार होती. तरी आपल्याकडच्या नेहमीच्या पीक कापणीत मोठा चौकोनच टिकला.

उतारा मिळाला की त्याला पेऱ्याचं क्षेत्र आणि भाव यांनी गुणायचं, बी-खतासारखा खर्च वजा करायचा. उरतं ते मूल्यवर्धन. शेती, कारखाने, दुकानं, वाहतूक या सगळ्यांच्या मूल्यवर्धनाची बेरीज म्हणजे जिल्ह्याचं स्थूल उत्पन्न. इथेही एक दोरी आहेच, जिल्ह्याच्या हद्दीची. मूल्य जिथे निर्माण झालं, तिथेच ते मोजायचं.

या नियमाने कोयनेकडे पाहा. धरण पाटण तालुक्यात, बुडालेल्या जमिनी साताऱ्याच्या. पण पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे जातं आणि वीज तयार होते ती बहुतेक चिपळूण तालुक्यात. प्रकल्पाच्या १,९६० मेगावॅट क्षमतेपैकी धरणाच्या पायथ्याशी आहेत फक्त ४०. जिथे निर्मिती तिथे मोजणी म्हटलं, की कोयनेची बहुतेक वीज रत्नागिरीच्या खात्यात जाते.

माणसांचंही तेच. पाटण-जावळीचा माथाडी वाशीच्या बाजारात पोती वाहतो, त्याची मजुरी ठाणे जिल्ह्याच्या उत्पन्नात धरली जाते. त्या पैशांतून गावी घर उभं राहिलं, तर गवंड्याची मजुरी मात्र साताऱ्याची. देशाच्या बाबतीत परदेशातून येणारा पैसा रिझर्व्ह बँक नोंदवते. शिरवळला नीरेचा पूल ओलांडून साताऱ्यात किती कमाई आली, हे नोंदवणारं कुणी नाही. म्हणून जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न म्हणजे तिथल्या माणसाच्या खिशातला पैसा, असं वाचणं मला चुकीचं वाटतं.

हद्दीच्या आतही प्रश्न उरतोच. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, माणमध्ये पाचशेच्या आसपास. दोन्हींची सरासरी काढली तर ती कुठल्याच गावाला लागू पडत नाही. साताऱ्यात १९२० मध्ये जन्मलेले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये राज्याने प्रादेशिक असमतोलाची समिती नेमली. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि 'अनुशेष' हा शब्द घरोघरी पोचला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. मोजमाप स्वच्छ होतं. मात्र जिल्हा हे एकक धरलं की माणची कोरड कराडच्या उसात बुडून जाते. उत्पन्नाचे आकडे तालुक्यापर्यंत न्यायला हवेत, असं मी म्हणतो ते यासाठीच. दुकान, वाहतूक, घरकाम यांची तालुकावार माहिती जमवणं जड आहे. पण शेतीचं तसं नाही, कारण तिची दोरी तालुक्याच्याही खाली, महसूल मंडळापर्यंत, म्हणजे काही गावांच्या गटापर्यंत, पोचलेली आहे.

ती पोचली पीक विम्यामुळे. मंडळातल्या कापणी प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे विम्यासाठी आधी ठरवलेल्या उताऱ्याच्या, खाली गेली, तर तिथल्या त्या पिकाच्या विमाधारकांना तुटीच्या प्रमाणात भरपाई मिळते. सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली, तर या हिशोबाने काहीच नाही. मंडळात प्रयोग होतात मोजकेच. दोरीखालचं एक वाकलेलं ताट त्या दिवशी आत ओढलं गेलं, की त्याचे दाणे मंडळातल्या प्रत्येकाच्या सरासरीत जाऊन बसतात.