शेटलंडचा हिवाळा : पोनी आणि घरची जनावरे

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ६०° उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास, अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांच्या मधोमध शेटलंड हा सुमारे १०० बेटांचा समूह आहे. वस्ती त्यातल्या सोळाएक बेटांवर, लोकसंख्या सुमारे २३,०००, मुख्य गाव लर्विक. १४६९ पर्यंत ही बेटे नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाकडे होती. त्यामुळे इथल्या बोलीत आणि गावांच्या नावांत आजही नॉर्स भाषेचे शब्द भेटतात. जगाला हे ठिकाण माहीत झाले ते इथल्या बुटक्या घोड्यामुळे, म्हणजे शेटलंड पोनीमुळे. खांद्यापाशी त्याची उंची जास्तीत जास्त ४२ इंच (१०७ सेंमी). मराठीत याला तट्टू म्हणता येईल. पण तट्टू शब्दात जो हलकेपणा आहे तो या जनावराला शोभत नाही, म्हणून या नोंदीत पोनीच म्हटले आहे.

इथल्या हिवाळ्याबद्दल बाहेरच्या माणसाचा पहिला अंदाज चुकतो. अक्षवृत्त पाहिले तर बर्फाखाली गाडलेले गाव डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात उत्तर अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारी-फेब्रुवारीचे सरासरी तापमान ४-५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. बर्फ पडतो आणि बहुधा फार दिवस टिकत नाही. इथला खरा हिवाळा म्हणजे वारा आणि अंधार. झाडे जवळजवळ नाहीत, समुद्र कुठूनही पाचएक किलोमीटरपेक्षा लांब नाही, त्यामुळे वाऱ्याला अडवणारे काही नाही. पाऊस आडवा येतो आणि खिडक्यांच्या काचांवर मिठाचा थर धरतो. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी नऊनंतर उगवतो आणि दुपारी तीनच्या सुमारास मावळतो. नोकरी करणाऱ्या माणसाने पोनींना उजेडात पाहायचे म्हणजे जेवणाच्या सुट्टीत किंवा रविवारी. एरवी कपाळावर दिवा बांधूनच वैरण टाकायला जायचे. दोन वादळांच्या मध्ये एखादा दिवस स्वच्छ, निवांत निघतो. त्याला बोलीत ‘डे अट्वीन वॅडर्स’, म्हणजे दोन हवामानांमधला दिवस, म्हणतात. गडग्याचे पडलेले दगड पुन्हा रचणे, कुंपण सांधणे ही कामे अशा दिवसासाठी राखलेली असतात.

या हवेत पोनी कुठे असतात? बाहेर. बारा महिने, रात्रंदिवस. तबेल्यात बांधलेला शेटलंड पोनी हिवाळ्यात आजारी तरी असतो किंवा फार म्हातारा तरी. हजारो वर्षे ही जात याच बेटांवर घडली. छोट्या घोड्यांची हाडे इथल्या उत्खननांत कांस्ययुगापासून सापडतात. आखूड पाय, रुंद छाती, लहान कान, दाट आयाळ आणि जमिनीला टेकेल अशी शेपटी ही सगळी ठेवण अंगातली ऊब बाहेर जाऊ न देण्यासाठी आहे. शरद ऋतूत अंगावर केसांचे दोन थर चढतात. आत मऊ, दाट लव. वर लांब, राठ केस, ज्यांवरून पावसाचे पाणी ओघळून जाते. मुसळधार पावसात उभ्या असलेल्या पोनीच्या पाठीवरचे केस बोटांनी विस्कटून पाहावेत. वरचा थर ओलाचिंब, चिकटून टोकदार झालेला. बोटे आत गेली की कोरडे, आणि कातडीपाशी चक्क गरम. बर्फ पडला तर तो पाठीवर तसाच साचून राहतो. पाहणाऱ्याचा जीव कळवळतो, पण ते चांगले लक्षण आहे: अंगातली ऊब बाहेर झिरपत नाही म्हणून बर्फ वितळत नाही.

म्हणूनच हिवाळ्यात पोनीची काळजी घेणे म्हणजे बऱ्याच अंशी मध्ये न पडणे. खरारा फार केला तर केसांमधला तेलकटपणा जातो आणि पाणी आत शिरते. घोंगडे घातले तर फुललेले केस दबतात आणि त्यांच्यात कोंडलेली हवा निघून जाते. २०१३ साली स्कॉटलंडच्या पर्यटन जाहिरातीसाठी दोन पोनींना फेअर आयल नक्षीचे स्वेटर घातले गेले आणि ती छायाचित्रे जगभर फिरली. दिसायला फार गोड. पण निरोगी पोनीला स्वेटर लागतो असा समज त्यावरून कोणी करून घेऊ नये. त्याला लागतो तो आडोसा. वारा फिरला की कळप फिरतो, दगडी गडग्याच्या किंवा टेकाडाच्या आडाला जातो आणि वाऱ्याकडे शेपटी करून, मान खाली घालून उभा राहतो. शेपटीच्या मुळाशी केसांचा पंख्यासारखा झुपका असतो, तो अशा वेळी पागोळ्यांसारखे पाणी बाजूला टाकतो.

मालकाचे काम उरते ते चारा, पाणी आणि नजर. बेटांवरचे सामाईक गायरान, ज्याला ‘स्कॅटल्ड’ म्हणतात, तिथे हेदर नावाच्या झुडपाशिवाय हिवाळ्यात फारसे काही उरत नाही. काही ठिकाणी पोनी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर उतरून समुद्री शेवाळ खातात. वरून सुके गवत किंवा मुरवलेला चारा टाकावा लागतो. पावसामुळे गवत नीट वाळवणे इथे कठीण, म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुरवलेले गठ्ठेच जास्त दिसतात. गवत पचताना पोटात ऊब तयार होते, त्यामुळे थंडीच्या रात्री धान्यापेक्षा गवताचा भारा अधिक उपयोगी. जाड केसांखाली पोनी गुबगुबीत दिसतो आणि डोळा फसतो. म्हणून जाणकार माणूस पाहत नाही, हात लावतो: तळवा बरगड्यांवरून फिरवतो, मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी चाचपतो.

बाहेरगावाहून येणारे लोक मोटार थांबवून कुंपणावरून सफरचंद, पाव देतात. हे टाळायला हवे. पोनी रस्त्याकडे धावायला शिकतात, चावायला शिकतात, आणि घशात सफरचंदाची फोड अडकली तर अंधारात, वाऱ्यात पशुवैद्य पोहोचेपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही.

मोकळे फिरताना दिसले तरी हे पोनी रानटी नाहीत. प्रत्येकाला मालक असतो, बहुधा ‘क्रॉफ्टर’ म्हणजे लहान जमिनीचा शेतकरी. पूर्वी या जनावराशिवाय घराची चूल पेटत नसे. दलदलीच्या जमिनीतून कापून उन्हाळ्यात वाळवलेले पीट हेच जळण होते, आणि लाकडी खोगिराच्या दोन्ही बाजूंना गवताच्या विणलेल्या करंड्या लटकवून पोनी ते डोंगरावरून घरी आणत. शेपटीच्या केसांपासून मासेमारीचे दोर वळत. १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये खाणींत भुयारी काम करायला स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना बंदी झाली. मग कोळशाचे डबे ओढायला बुटके घोडे हवे झाले आणि शेटलंडचे नर घोडे जहाजांनी जाऊ लागले. त्यांतल्या कितीतरींनी पुढे ऊन-वारा पाहिलाच नाही. या जातीच्या इतिहासातला हा सर्वांत दुःखाचा भाग आहे. कोळसा खाणींचा मालक असलेल्या लंडनडेरीच्या मार्क्विसने (मार्क्विस ही सरदारकीची पदवी) १८७० च्या सुमारास ब्रेसे आणि नॉस या बेटांवर खास खाणींसाठी पैदास सुरू केली. नॉसवर त्या काळचा दगडी गोठा अजून उभा आहे. चांगले नर बाहेर गेल्याने बेटांवरची पैदास खालावली. १८९० मध्ये वंशावळ-नोंदणी संस्था स्थापन झाली. आता दर ऑक्टोबरात, हिवाळा लागण्याआधी, शिंगरांची विक्री भरते. जेवढ्यांना वैरण पुरेल तेवढेच मागे ठेवणे हा त्यामागचा जुना, व्यवहारी हिशेब.

घरातल्या जनावरांचे जग वेगळे. चुलीपाशी मांजर आणि दाराशी कुत्रा हे कोणत्याही क्रॉफ्टवरचे चित्र. शेटलंड शीपडॉग हा इथला छोटा, लांब केसांचा मेंढपाळी कुत्रा. लाडाने त्याला ‘शेल्टी’ म्हणतात, आणि हे नाव पूर्वीपासून पोनीचेही आहे. प्रत्यक्ष मेंढ्या हाकायला आज बॉर्डर कोलीच जास्त दिसतो. अंधारात फिरायला नेताना कुत्र्यांच्या गळ्यात चमकता पट्टा बांधतात, कारण अरुंद रस्त्यावर काळा कुत्रा मोटारवाल्याला दिसत नाही. आईवेगळे कोकरू घरात बाटलीवर वाढवतात. त्याला ‘कॅडी’ म्हणतात. मोठे झाल्यावरही ते कळपात न रमता दारात येऊन उभे राहते. शेटलंडच्या बोलीत तू-तुम्ही असा भेद आहे. ‘डू’ म्हणजे तू, आणि जवळच्या माणसांइतकाच तो जनावरांसाठीही वापरतात.

वादळात स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या आबर्डीन बंदराहून येणारे रात्रीचे जहाज रद्द झाले की दुकानांतली फडताळे रिकामी होतात. म्हणून माणसांच्या पिठाबरोबर कुत्र्या-मांजरांचे खाणेही आधीच भरून ठेवायची पद्धत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ओला बर्फ तारांवर गोठून खांब कोसळले आणि हजारो घरांची वीज गेली. काहींची अनेक दिवस आली नाही. तेव्हा ज्यांच्या घरी चूल होती त्यांचा मोठा आधार झाला. जानेवारीचा शेवटचा मंगळवार लर्विकमध्ये ‘अप हेली आ’ या अग्निउत्सवाचा. शेकडो मशालींची मिरवणूक निघते आणि शेवटी लाकडी गलबत जाळतात. माणसांना तो मधल्या अंधारातला मोठा दिलासा वाटतो.

एप्रिल-मेमध्ये पोनींचे केस झडू लागतात. कुंपणाच्या तारांवर त्यांचे पुंजके लोंबतात. हिवाळ्यात थोडे रोडावणे या जातीला पचते, किंबहुना ते तिच्या अंगवळणी पडले आहे. धोका येतो तो त्यानंतर. कोवळे, गोड गवत भरपूर खाल्ले की खुराच्या आतल्या थराला सूज येते, तिला लॅमिनायटिस म्हणतात. पाय टेकवणे अशक्य होते आणि प्रसंगी जनावर दगावते. त्यामुळे ज्या मालकाने डिसेंबरच्या वादळात पोनीला निर्धास्तपणे बाहेर सोडलेले असते, तोच मे महिन्यात, सारे बेट हिरवेगार झालेले असताना, त्याला कुरतडून संपलेल्या उघड्या तुकड्यात कोंडून ठेवतो.