आधी सेल बदला, मग विंडोज

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पीकविम्याची झुंबड उडते आणि नेमका तेव्हाच तालुक्याच्या एखाद्या सेवा केंद्रातला विंडोज सेव्हनचा जुना कॉम्प्युटर हटून बसतो. पोर्टल उघडत नाही, स्क्रीनवर लाल इशारा येतो. बाकड्यावरचा एक म्हणतो, "साइटच डाऊन हाय." दुसरा म्हणतो, "व्हायरस घुसलाय, फॉरमॅट मारा." मग फॉरमॅट मारला जातो, पैसे जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच लाल इशारा. खाली उजव्या कोपऱ्यात 1 जानेवारी 2009 ही तारीख दिसतेय, याकडे कुणी बघतच नाही.

सुरक्षित साइट उघडताना आधी आपलं प्रमाणपत्र दाखवते. एसटीच्या पासावर असतात तशा त्यावर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. ब्राउझर त्या तारखा कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. सप्टेंबर 2020 मध्ये नव्या प्रमाणपत्रांच्या मुदतीवर 398 दिवसांची कमाल मर्यादा आली, त्यामुळे 2009 सालात अडकलेल्या कॉम्प्युटरच्या लेखी आजचं एकही प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. तो साइटवर विश्वास ठेवत नाही, आणि त्याच्या हिशेबानं त्याचं बरोबरच आहे.

आता खरी गंमत. कॉम्प्युटर बंद असताना वेळ कोण मोजतं? मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर-2032. व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2, विद्युतदाब 3 व्होल्ट. या सेलवर एक चिमुकलं घड्याळ चालतं आणि त्याचं काळीज म्हणजे क्वार्ट्झचा स्फटिक. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. मराठवाड्यातल्या काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत ती सापडते. घड्याळात मात्र कारखान्यात वाढवलेला शुद्ध स्फटिक वापरतात. क्वार्ट्झवर दाब दिला की त्याच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो, हे जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलटंही होतं. वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो. दोन पायांच्या नादकाट्यासारखा कापलेला हा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हाच आकडा का? कारण तो दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मा केला की उरतो बरोबर एक, म्हणजे सेकंदाला एक ठोका. निम्मं करणारी सर्किट बनवायला सोपी आणि वीज खायला अगदी कंजूस.

हा स्फटिक साधारण 25 अंश सेल्सिअसला सर्वांत वेगानं थरथरतो. तापमान तिथून वर गेलं तरी तो मंदावतो आणि खाली आलं तरी मंदावतो. मंदावणं फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, दर अंशवर्गाला दहा लाख भागांत सुमारे 0.034 भाग. परभणीत मे महिन्यात खोलीत 45 अंश असले तर फरक 20, त्याचा वर्ग 400, गुणाकार दहा लाखांत 13.6 भाग. दिवसाचे सेकंद 86,400, म्हणजे दिवसाला जवळपास सव्वा सेकंद मागे. आता डिसेंबरात पहाटे पारा 5 अंशांवर आला असं धरा. फरक पुन्हा 20! म्हणजे त्या थंडीतही घड्याळ त्याच वेगानं मागे पडतं. प्रत्येक स्फटिकाची जन्मजात चूक यात धरलेली नाही. आता सव्वा सेकंदानं काही पोर्टल अडत नाही, हे खरं. अडतं ते सेल संपल्यावर, कारण तेव्हा घड्याळ 2009 सारख्या मूळ तारखेवर परत जातं.

सेलमध्ये सुमारे 220 मिलिअँपिअर-तास एवढा साठा असतो. घड्याळ पाच मायक्रोअँपिअर खातं असं धरलं तर 44,000 तास, म्हणजे पाच वर्षं. पण प्लग लावलेला आणि बटण चालू असेल, तर घड्याळाला वीज मदरबोर्डकडूनच मिळते आणि सेल जवळजवळ तसाच राहतो. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कडाडतात आणि लाइटचाही भरवसा नाही, म्हणून रात्री बटण बंद करायची सवय आहे. सवय चांगलीच आहे, मोडू नका. फक्त रोजची ती रात्र सेलच्या खात्यावर जाते. त्यात बंद खोलीतल्या उन्हाळ्यात सेल आपोआपही लवकर उतरतो.

तेव्हा प्लग काढून सेल बदला. चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये, शिरून तारीख नीट करा. मग विंडोजमध्ये टाइम झोन मुंबई-कोलकाता-चेन्नईचा, म्हणजे अधिक साडेपाच तासांचा आहे ना, ते बघा. शेवटी 'इंटरनेट टाइम'मध्ये जाऊन 'अपडेट नाऊ' दाबा. हा क्रम उलटा केला तर काम होत नाही, कारण फरक 15 तासांहून जास्त असला की विंडोज नेटवरची वेळ घ्यायलाच तयार होत नाही. घड्याळ काही वर्षं मागे असताना तेच बटण दाबत बसणारे खूप असतात. तेच लोक डेस्कटॉपवर दर मिनिटाला राइट क्लिक करून रिफ्रेशही मारतात. त्यानं आयकॉन पुन्हा रेखाटले जातात, कॉम्प्युटरचा वेग तसूभरही वाढत नाही. खंडेनवमीला सीपीयूला हळदकुंकू वाहतात, तोही एक वेळ चालेल असा प्रकार, पंख्यात जाऊ नये म्हणजे झालं.

सेल गेल्यावर आणखी एक खोडी होते. बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळ पदावर येतात, त्यात हार्ड डिस्कशी कसं बोलायचं ते ठरवणारा साटा मोडही; एएचसीआय आणि आयडीई हे त्याचे दोन प्रकार. विंडोज सेव्हन एएचसीआय मोडमध्ये टाकलेलं असेल आणि बायोस आयडीईवर परतलं, तर चालू होताना निळा पडदा येतो, शेवटी 7बी लिहिलेला. 'हार्ड डिस्क गेली' म्हणून इथंच डेटा पुसला जातो. मोड पुन्हा एएचसीआय केला की सगळं जागच्या जागी असतं.

सेव्हनच्याही आधीच्या विंडोज एक्सपीचं मात्र तारीख सुधारून भागत नाही. त्याच्या इंटरनेट एक्स्प्लोररला टीएलएस 1.2, म्हणजे साइटशी गुप्तपणे बोलायची पद्धत, येतच नाही आणि आजच्या बहुतेक साइटना किमान तेवढं लागतं. सेव्हनच्या जुन्या एक्स्प्लोररमध्ये ते असतं, पण बंद. 'इंटरनेट ऑप्शन्स'च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये खाली जाऊन टिक करावी लागते. एवढं करूनही मायक्रोसॉफ्टकडून येणारी एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल 2014 ला आणि सेव्हनची जानेवारी 2020 ला थांबलेली आहे, तेव्हा अशा मशीनवर अर्ज टाइप करा, प्रिंट काढा, पण बँकेचा पासवर्ड टाकू नका.