सॉफ्टवेअरमधील बदलानंतरची फेरतपासणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या बिलिंग आणि स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एखादी सोय वाढवतो किंवा नियमानुसार एखादा दर बदलतो, तेव्हा केलेला बदल नीट चालतो एवढे पाहून भागत नाही; त्या बदलामुळे कालपर्यंत बरोबर चालणारे दुसरे काही बिघडले नाही ना, हेही पाहावे लागते. या फेरतपासणीला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात, आणि ती प्रोग्रामकडून आपोआप करून घेणे म्हणजे तिचे ऑटोमेशन.

सोलापुरातील चादर-टॉवेल उत्पादकांच्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. अशा तयार मालावर पूर्वी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के आहे. वरवर पाहता हे दोन-तीन आकडे बदलण्याचे काम आहे. परंतु ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याची क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) मूळ बिलाच्या जुन्या दरानेच निघाली पाहिजे. नगाची किंमत नेमकी २,५०० रुपये असेल तर ५ टक्केच लागले पाहिजेत. आणि २,६०० रुपयांची चादर बिलातच सूट देऊन २,४५० रुपयांना विकली, तर कराचा दर सूट वजा जाता उरलेल्या किमतीवरून ठरला पाहिजे. शिवाय हैदराबादच्या व्यापाऱ्याच्या बिलात आयजीएसटी (परराज्यातील विक्रीवरचा एकत्रित जीएसटी), तर लातूरच्या व्यापाऱ्याच्या बिलात केंद्र आणि राज्य यांचा निम्मा-निम्मा कर, ही विभागणी पूर्वीसारखीच राहिली पाहिजे.

अशा प्रत्येक प्रसंगासाठी आम्ही एक चाचणी लिहून ठेवतो. तिच्यात बिलाची माहिती आणि अपेक्षित उत्तर असते. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदल झाला की प्रोग्राम ही सर्व बिले नव्याने तयार करून उत्तरे ताडून पाहतो, आणि एकही उत्तर चुकले तरी कारण सापडेपर्यंत नवी आवृत्ती आपल्याकडे येत नाही. माणूस हेच काम दिवसभर करू लागला की थकतो आणि नेहमीचीच दोन-चार बिले पाहून पुढे जातो. बहुतेक चाचण्या आम्ही थेट हिशेबाच्या भागावर चालवतो. स्क्रीनवरील बटणे दाबून होणाऱ्या चाचण्या मोजक्याच ठेवतो, कारण त्यांना वेळ लागतो आणि एखादे बटण हलले तरी त्या बंद पडतात. त्यांच्यासाठी सेलेनियमसारखी साधने विनामूल्य मिळतात. खरा खर्च चाचण्या लिहिण्याचा आणि नियम बदलतील तशा त्या सुधारण्याचा असतो.

प्रोग्राम मात्र सांगितले तेवढेच तपासतो. छापील बिलावरील मजकूर रकाना सोडून गेला आहे का, नवी सोय आपल्या कारकुनाला सहज वापरता येते का, हे आजही आमचा माणूसच पाहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अपेक्षित उत्तरच चुकीचे लिहिले गेले असेल, तर चुकीचे बिलही चाचणीत उत्तीर्ण होते. म्हणून ही उत्तरे आम्ही स्वतःच्या अंदाजाने लिहीत नाही. ती आपल्या हिशेबनिसाकडून किंवा करसल्लागाराकडून तपासून घेतो.

त्यासाठी आपल्याकडील नेहमीपेक्षा वेगळी बिले आम्हाला हवी आहेत : अर्धवट परत आलेला माल, एकाच बिलातील दोन दरांच्या वस्तू, उशिरा दिलेली सूट, रद्द करून पुन्हा काढलेले बिल. अशा बिलांच्या प्रती कृपया आमच्या कार्यालयात द्याव्यात. व्यापाऱ्याचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक काढून टाकल्यावरच ती बिले चाचणीसाठी वापरली जातात.