भूकंपधोका मूल्यमापन (धरणे व मोठे प्रकल्प)

धरण, मोठा पूल किंवा नवी वसाहत बांधण्याआधी त्या जागी जमीन किती जोराने हादरेल, फाटेल की खचेल, याचा अंदाज घेण्याचे काम. भूकंप-विभागांच्या नकाशावरून गुणांक उचलला की मूल्यमापन झाले, हा समज महागात पडतो. कोयना धरणाच्या आराखड्यात आडव्या बलासाठी ०.०५ गुणांक, म्हणजे धरणाच्या वजनाच्या ५ टक्के बल, धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात तिथल्या उपकरणावर प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या सुमारे निम्मे त्वरण नोंदले गेले. हे दोन आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. पण धरण स्वतः डोलते आणि माथ्याकडे हादरा वाढतो, हे स्थिर गुणांकात येतच नाही. तडे गेले ते वरच्या भागात, उतार एकदम बदलतो तिथे.

कामाची सुरुवात जुन्या भूकंपांच्या यादीपासून होते. वेगवेगळ्या मापनश्रेणींतल्या नोंदी एकाच श्रेणीत आणून पश्चात्कंप (मुख्य धक्क्यानंतरचे लहान धक्के) वगळतात. उपकरणांच्या नोंदी जेमतेम शतकभराच्या, तर एखादा भ्रंश (खडक जिथे तुटून सरकतात ती भेग) हजारो वर्षांत एकदाच सरकतो. म्हणून भ्रंशाला आडवे चर खणून तुटलेल्या थरांचे वय काढतात. अंतरानुसार हादरा कसा ओसरतो आणि स्थानिक मातीमुळे किती वाढतो, हे त्यानंतर येते. एखादा हादरा सरासरी किती वर्षांनी ओलांडला जातो, तो त्याचा पुनरावृत्तिकाळ. ४७५ वर्षांचा पुनरावृत्तिकाळ म्हणजे तेवढी वर्षे निर्धास्त, असे नव्हे. तो हादरा ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. फुटल्यास मोठी जीवितहानी होईल अशा धरणांसाठी १०,००० वर्षांपर्यंतचा काळ धरतात.

पायाखालूनच सक्रिय भ्रंश जात असेल, तर काँक्रीट वाढवून भागत नाही. जागा बदलणेच बरे. तैवानमधील शिकांग धरणाखाली १९९९ मध्ये भ्रंश कित्येक मीटर सरकला आणि सांडव्याची काही दारे उद्ध्वस्त झाली. मातीच्या धरणात वेगळी भीती असते: पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यात द्रवासारखी वागते. कॅलिफोर्नियातील लोअर सॅन फर्नांडो धरणाचा पाण्याकडचा उतार १९७१ मध्ये असाच घसरला, माथाही गेला. पाणीपातळी त्या दिवशी कमी होती, म्हणून पूर टळला.

खोल जलाशयाच्या पाण्याचा भार आणि खडकात झिरपणारा दाब भूकंपाला निमित्त ठरू शकतो. त्यामुळे भूकंपमापकांचे जाळे पाणी अडवण्याच्या काही वर्षे आधीच बसवावे लागते. उशीर झाला, तर नंतरचे धक्के मुळातले की जलाशयामुळे आलेले, हे ठरवता येत नाही.